धुऊन परत आलेली झोळी

मी एक झोळी बोलतेय. बाळाला छातीशी बांधायची. जाड सुती कापड, दोन पट्टे, पाठीवर एक बकल. बाळ पोटाशी आणि आईचे हात मोकळे, एवढ्यासाठीच माझा जन्म.

मला शिवणारी स्वतः लेकुरवाळी. ती मला घालायची आणि सासूबाई मागून बकल लावायच्या. "वळ गं इकडे," म्हणायच्या, की झालं. अशा झोळ्या शिवून विकायचं तिच्या मनात आलं. पण लोकांना हव्यात का, हे आधी कळायला हवं. म्हणून तिने मला आठवडाभर शेजारणीला वापरायला दिलं.

शेजारीण दिवसभर घरात एकटी. एका हाताने बाळ सावरत तिने दुसरा हात मागे नेला. बोटं बकलापर्यंत पोचेनात. बाळ घसरायला लागलं, तशी घाबरून तिने मला काढलं आणि दारामागच्या खिळ्याला टांगलं. मग रोज तेच. ती भांडी घासायची, बाळ खाली पडून रडायचं आणि मी वर कोरीकरकरीत. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

तिने मला धुऊन, इस्त्री करून परत दिलं.

"कशी वाटली गं?"

"छानच! हात अगदी सुटे राहतात."

"विकत घेशील?"

"न घ्यायला काय झालं?"

शिवणारी हरखली. कापडाचा अख्खा तागा घेऊन आली. एकदा कात्री लागली की दुकानदार परत घेणार नव्हता. मला सगळं ठाऊक, पण कापडाला तोंड कुठलं?

ती कापायला बसली आणि बाळ रडू लागलं. सासूबाई बाहेर गेलेल्या. तिने मला घातलं, हात मागे नेला... तशीच थबकली. मग बाळाला कडेवर घेतलं, मला उचललं आणि थेट शेजारणीकडे.

"खरं सांग, एकदा तरी बांधलीस?"

शेजारणीने मान खाली घातली. "मला वाटलं, सगळ्यांना जमत असेल, मीच वेंधळी. आणि तू इतक्या हौसेने आणलेलीस..."

"अगं बाई, तागा कापला असता ना मी!"

त्याच दिवशी बकल पुढे आलं आणि मी पुन्हा शेजारणीकडे. "या वेळी धुवायची नाही हं. असेल तशी दे," शिवणारी बजावून गेली.

तागा अजून तसाच आहे. माझ्यावर मात्र लाळ सुकलीय, एक दुधाचा डाग पडलाय. दारामागचा तो खिळा दिसला, की अजूनही ओशाळायला होतं.

बायांनो, माझं कौतुक नको. मला मळवा.