मागची कोरी बाजू

"झालं का तुमचं साल सोलून?" संपादकसाहेबांनी दारातूनच विचारलं.

"तिसरा अर्थ तेवढा राहिलाय, साहेब," कार्डवाले म्हणाले. शब्दाचा एकेक अर्थ एकेका कार्डावर लिहायचा हे त्यांचं काम, म्हणून हे नाव.

इंग्रजी कोशाचं हे शेवटचं अक्षर, झेड, आणि त्यातला लिहायचा राहिलेला शेवटचा शब्द झेस्ट. आठ महिने त्यांनी या शब्दाशी संसार केला होता. आधी तो म्हणजे नुसती संत्र्या-लिंबाची साल, पेयात पिळायची. मग त्या सालीमुळे येणारी लज्जत. आणि शंभरेक वर्षांनी कुणीतरी ती लज्जत जगण्यालाच लावली, नि सालीची झाली उमेद! कार्डवाल्यांना याचं भारी कौतुक. फेकून द्यायची वस्तू, पण कुठल्या कुठे जाऊन पोचली. ते स्वतः मात्र तेविसाव्या वर्षी "दोनच वर्षं" म्हणून कोश-कचेरीच्या या तळघरात उतरले, त्याला चौतीस वर्षं झाली.

आज खिशात राजीनामा होता. बायकोने समोर बसून लिहून घेतलेला. समुद्रकाठी तिच्या बहिणीकडे राहायला जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी बारगळायचं. "या वेळीही राहिलात तर मी एकटी जाईन," सकाळी बॅग भरता भरता ती म्हणाली होती, "आणि परत येणार नाही." बस पाचची होती.

चार वाजता तिसऱ्या अर्थाचं कार्ड पुरं झालं. कार्डवाल्यांनी राजीनाम्याचा अर्ज पुढे केला. साहेबांनी तो वाचला, हसले, आणि पुरवणीचं सांगितलं. कोशात राहून गेलेले शब्द, पुन्हा एपासून. चारच वर्षांचं काम, आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार?

इंग्रजी 'नो', म्हणजे 'नाही', या शब्दाच्या कार्डांची सात पाकिटं कार्डवाल्यांनी स्वतः लावली होती. आता तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच.

"बरं," ते म्हणाले. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

मागून कोरा असलेला कागद वाया घालवायचा नाही, कापून त्याची कार्डं करायची, अशी इथली रीत. साहेबांनी अर्ज टोपलीत टाकला.

घड्याळात पाच वाजून गेले तरी कार्डवाले बसूनच होते. मग त्यांनी अर्ज उचलला, कातरयंत्राखाली सरळ धरला, चार कार्डं केली. कोऱ्या बाजूंवर ए लिहिला. एका कार्डामागे बायकोने सांगितलेलं वाक्य अख्खंच उतरलं होतं: 'आम्हा दोघांना आता निघायचं आहे.'

ते कार्ड त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं.