पी-ताओच्या दुकानापुढचे टॉवेल

होमेई गावात सत्तावीस वर्षं बायकांचे केस धुऊन, कापून, कुरळे करून देणाऱ्या पी-ताओला कलेबिलेशी काही देणंघेणं नव्हतं. दुकान म्हणजे तीन खुर्च्या, एक बेसिन आणि केस वाळवायचं एक जुनं यंत्र. गावातल्या म्हाताऱ्या बायका ठरलेल्या वारी यायच्या, खुर्चीत ताठ बसून डोक्यावर फेस करून घ्यायच्या, सुनांच्या तक्रारी सांगायच्या आणि हलक्या होऊन घरी जायच्या. वापरलेले टॉवेल पी-ताओ धुवायची आणि दुकानापुढे दोन स्टँडवर वाळत टाकायची. चाळीसेक टॉवेल होते. काही घाऊक बाजारातले, काही कुणाच्या लग्नात मिळालेले, काही धुऊन धुऊन विटलेले. हाताला येईल तो टॉवेल, मिळेल त्या जागी, ही तिची पद्धत. मग एक ते दोन शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत झोप.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ती डोळे चोळत बाहेर आली आणि जागीच उभी राहिली. टॉवेल कुणीतरी रंगांनी लावले होते. डावीकडे गडद जांभळा, मग निळे, निळ्यातून हळूहळू हिरवे, पोपटी, पिवळे आणि सगळ्यात शेवटी एक मळकट पांढरा. निळा कुठे संपला आणि हिरवा कुठे सुरू झाला, ते सांगता येऊ नये असे रंग एकातून दुसऱ्यात उतरत गेले होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तिनं फोन काढला आणि फोटो घेतला. तिच्या लेकीनं, चिंग-वेननं, दुकानाच्या नावानं फेसबुकवर एक पान काढून दिलं होतं. ते बघणारी माणसं अडतीस, त्यातली निम्मी नातेवाईक. पी-ताओनं फोटो तिथं टाकला आणि खाली लिहिलं, ‘आज ऊन छान आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा ताइचुंग शहरातून फोन आला.

“आई, हे तू कधीपासून करायला लागलीस?”

“काय?”

“टॉवेल. सातशे लोकांना आवडलाय तो फोटो. आमच्या ऑफिसातली एक मुलगी मला दाखवत होती. तिला ठाऊकही नव्हतं की हे माझ्या आईचं दुकान.”

खरं काय ते पी-ताओच्या ओठांवर आलं होतं. पण लेकीच्या आवाजात एवढा अभिमान तिनं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

“असंच गं,” ती म्हणाली. “हात रिकामे होते.”

हात रिकामे होते हे मात्र खरं. ठरलेल्या वारी येणाऱ्या बायका एकेक करून देवाघरी चालल्या होत्या आणि तरुण पोरी चकचकीत दुकानांत जायच्या. नव्या वर्षानंतर दुकान बंद करावं, असं तिनं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

त्या दुपारी ती उठली तेव्हा टॉवेल पुन्हा लावलेले होते. या खेपेला मधोमध लाल आणि दोन्ही बाजूंना फिके फिके होत गेलेले गुलाबी. तिनं पुन्हा फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुणी तिला विचारलं, ‘रंगांची एवढी नजर कुठून आली?’ तिनं उत्तर लिहिलं, ‘लहानपणापासून आवड आहे.’ लिहून झाल्यावर तिला जरा कसंतरी वाटलं, पण तेवढ्यात शेजारच्या चांगह्वाहून दोन पोरी टॉवेल बघायला आल्या आणि आल्यासारखे केसही धुऊन गेल्या, तेव्हा ते कसंतरी वाटणं मागे पडलं.

तिची जुनी गिऱ्हाईक त्साय काकू मात्र खुर्चीत बसून आरशातून तिच्याकडे बघत म्हणाली, “पी-ताओ, तू मागच्या वर्षी माझ्या केसांना तपकिरी सांगून वांग्याचा रंग लावलास. आणि आता म्हणे तुला रंगांची नजर.”

“माणूस शिकतं, काकू.”

“पन्नाशीनंतर माणूस फक्त खोटं बोलायला शिकतं.”

काकू थट्टेत बोलली होती, पण पी-ताओच्या ते जिव्हारी लागलं. तीन आठवडे ती रोज दुपारी मुद्दाम झोपत होती. कोण येतं ते बघायचंच नाही, बघितलं तर कबूल करावं लागेल, असा तो सगळा मामला. दुसऱ्या दिवशी ती आडवी झाली नाही. खोलीतला दिवा मालवून ती शटरमागे स्टुलावर बसून राहिली.

सव्वा वाजता चाकांचा आवाज आला. दोन घरं सोडून राहणाऱ्या लाय आजोबांची चाकाची खुर्ची होती ती, आणि ती ढकलत होती आधी त्यांच्या बायकोची आणि आता त्यांची देखभाल करणारी इंडोनेशियाची वार्तिनी. लाय आजोबांना सव्वा वर्षापूर्वी पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला होता, बोलणंही गेलं होतं. वार्तिनीनं खुर्ची स्टँडसमोर लावली आणि एक टॉवेल उचलून त्यांच्यासमोर धरला. आजोबांनी डाव्या हाताचं बोट हलवलं. तिनं टॉवेल तिकडे नेला. त्यांनी मान हलवली, नाही. तिनं एक जागा पुढे सरकवला. पुन्हा नाही. “आजोबा, आता माझे हात दुखतात हं,” ती म्हणाली आणि आजोबा हसले. वाकडं, अर्ध्या तोंडाचं, पण चांगलं खदखदून हसले. मग खालच्या दांडीवरचा टॉवेल त्यांनी स्वतःच्या हातानं धरला, ओढला, आणि बराच वेळ झगडून शेजारच्या जागी टाकला.

पी-ताओला आठवलं. लाय आजोबा चाळीस वर्षं गावातल्या कापडाच्या गिरणीत रंगारी होते. त्यांच्या बायकोचे केस ती दर शनिवारी धुवायची. बायको गेली, मग आजोबा आजारी पडले, तेव्हा पी-ताओ पेरूंची एक पिशवी घेऊन एकदा जाऊन आली होती. त्यानंतर गेलीच नाही. माणूस बोलत नाही, तर जाऊन बसायचं तरी काय, असं तिला वाटलं होतं. घर दोन दारं सोडून होतं.

तिनं शटर वर केलं. वार्तिनी एवढी दचकली की हातातला टॉवेल खाली पडला.

“ताई, रागावू नका. पहिल्या दिवशी आम्ही सगळे होते तसे परत लावणार होतो. पण तुम्ही आधीच बाहेर आलात, म्हणून आम्ही पळालो. मग तुम्ही फोटो टाकलात.”

“तुम्ही फोटो बघता?”

“रोज. आजोबांना दाखवते. खाली लोक काय लिहितात तेही फोनकडून वाचून घेते.”

पी-ताओचे कान गरम झाले. “मी काय लिहिलं, तेही?”

वार्तिनीनं मान खाली घातली. “लहानपणापासून आवड आहे, ते. हो.”

“मग आजोबा काय म्हणाले?”

“आजोबा कुठे काय म्हणतात? हसले.”

“राग नाही आला त्यांना?”

“राग आला असता तर दुसऱ्या दिवशी एक वाजता खुर्चीत बसून दाराकडे बोट दाखवलं असतं का?”

मग वार्तिनीनं सगळं सांगितलं. दवाखान्यातून व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो आजोबांनी भिंतीवर फेकून मारला. चिमटे दिले, तेही फेकले. महिनेच्या महिने ते भिंतीकडे तोंड करून बसत. एकदा फिरवायला आणलं तेव्हा ते या टॉवेलांकडे बघत राहिले आणि कपाळाला आठी पडली. “मला वाटलं, यांना टॉवेल असे लावलेले आवडले नाहीत. म्हणून मी एक उचलून विचारलं, इथं? तिथं? बस, तेवढंच.”

पी-ताओ खुर्चीसमोर उकिडवी बसली. “लाय आजोबा,” ती म्हणाली, “मी तुमचं श्रेय खाल्लं. तीन आठवडे रोज खाल्लं. आता मला खरं लिहायचंय. तुमचा फोटो घालून लिहू का?”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या टॉवेलाकडे. तो अजून कुणी उचलला नव्हता. पी-ताओनं तो उचलून, झटकून त्यांच्या हाती दिला. मग त्यांनी मान हलवली. हो.

तिनं फोटो काढला तो त्यांच्या डाव्या हाताचा, टॉवेलाची कड मुठीत धरलेला. मजकूर लिहायला तिला अख्खी दुपार लागली. शेवटी लिहिलं ते एवढंच: ‘हे टॉवेल मी कधीच लावले नव्हते. मी झोपलेली असायचे. लाय चिन-मू आजोबा लावतात, आणि वार्तिनी त्यांचे हात बनते. मला खोटं बोलायला नको होतं. त्या दोघांची मी ऋणी आहे.’

लोकांनी सोडलं नाही. एकानं लिहिलं, ‘मग इतके दिवस गप्प का बसलात, मावशी?’ तिनं उत्तर दिलं, ‘गोड लागत होतं म्हणून.’ चिंग-वेनचा फोन आला तेव्हा पी-ताओ घाबरतच बोलली. लेक म्हणाली, “आई, सातशे लोकांपुढे चूक कबूल करणं माझ्या साहेबालाही जमत नाही,” आणि शनिवारी घरी येते म्हणाली.

पण खरी गंमत पुढे झाली. फोटोखाली अनोळखी माणसं लिहायला लागली. ‘हे आमचे लाय मास्तर.’ ‘माझी आई यांच्या हाताखाली होती.’ ‘खिडकीशी कापड नुसतं धरून सांगायचे, लाल अर्धा चमचा जास्त झालाय. आणि झालेला असायचा.’ आठवडाभरात गिरणीतल्या तीन जुन्या बायका दुकानात येऊन थडकल्या. डोकी धुऊन घेतली, आणि मग आजोबांच्या खुर्चीभोवती स्टुलं मांडून बसल्या. त्यांना आजोबांच्या उत्तराची गरजच नव्हती. त्या आपसात भांडत, आजोबा बोटानं निवाडा करत. काऊशुंग शहरात असलेली आजोबांची लेक, यू-फेन, रोजच्या फोनवर बाबांना ‘जेवलात का’ विचारून थांबायची, ती आता फोन टॉवेलांकडे फिरवायला सांगू लागली. सुट्टी काढून आली तेव्हा तिनं पी-ताओचे दोन्ही हात धरले आणि तिला रडू कोसळलं.

“माझे नको धरू,” पी-ताओ म्हणाली. “तिचे धर.” आणि तिनं वार्तिनीला पुढे ओढलं.

दुकान बंद करायचं पुन्हा कुणी बोललं नाही. गिऱ्हाइकं वाढली म्हणून काही खुर्च्या वाढल्या नाहीत, पण एक ते दोन आता पी-ताओ झोपत नव्हती. डाव्या बाजूचा स्टँड तिच्याकडे असे आणि तिचं बहुतेक सगळं चुकत असे.

एका दुपारी तिनं वार्तिनीला विचारलं, “तुला काय देऊ? लाजू नकोस, मनापासून विचारतेय.”

वार्तिनीनं विचार केला. “एक फोटो, ताई. माझी आई विचारते, चार वर्षं तिकडे करतेस तरी काय. इतके फोटो निघाले, पण प्रत्येक वेळी मी टॉवेलांच्या मागे.”

पी-ताओनं शटर पार खाली ओढलं, म्हणजे वार्तिनीला परक्या पुरुषांपुढे कधीच न काढलेला डोक्यावरचा रुमाल काढता येईल. तिचे केस कमरेपर्यंत होते. पी-ताओनं ते सावकाश धुतले, माथा, मान, कानामागे, सगळं चोळून दिलं. वार्तिनीनं डोळे मिटले. “ताई, मी रोज कुणाला तरी अंघोळ घालते,” ती म्हणाली. “माझ्या डोक्याला चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता.” पी-ताओनं आणखी एकदा फेस केला.

वार्तिनी हळदी रंगाचा नवा रुमाल बांधून बाहेर आली. आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि दोन्ही स्टँड रिकामे करायला लावले. पाऊण तास गेला. शेवटी सगळे गडद निळे टॉवेल मागे आणि काठाला एकच विटकरी, आणि तो विटकरी त्यांनी पी-ताओकडून तीनदा हलवून घेतला. मग बोट थांबलं. त्या निळ्यापुढे वार्तिनीचा चेहरा असा उजळला की पी-ताओनं फोटो काढायच्या आधी नुसतंच बघून घेतलं.

तो फोटो दुकानाच्या पानावर गेला नाही. तो जावामधल्या एका खेड्यात, एकाच फोनवर गेला. जरा वेळानं तिकडून वार्तिनीच्या आईचा आवाज आला, लांबलचक, चढा.

“काय म्हणते?” पी-ताओनं विचारलं.

“म्हणते, मी जाड झालेय.” वार्तिनी डोळे पुसत हसली. “आणि म्हणते, ज्यांनी तुझ्यासाठी एवढे टॉवेल मांडले, त्यांना देव सुखात ठेवो.”

आजोबांनी हे ऐकलं आणि डावा हात छातीशी नेला. पी-ताओला काहीतरी बोलायचं होतं, पण आतून त्साय काकू ओरडली की तिच्या डोक्यावर लावलेला रंग आता वाळून दगड होईल, आणि तो तपकिरी आहे की पुन्हा वांगी, ते आधी लाय मास्तरांना दाखवून घे.