पाय परातीत असताना

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. तीन वर्षांतनं एकदा हा महिना येतो, आणि बारामतीच्या एमआयडीसीत कामाला असलेला ऋषिराज लग्नानंतर पहिल्यांदाच तो मान घ्यायला इंदापूरकडं, सासरवाडीला निघाला होता. देवाचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

कारण असं. लग्न ठरवताना सासऱ्यांनी, सर्जेरावांनी, एकच विचारलं होतं, "पाव्हणं, नोकरी कायम हाय न्हवं?" ऋषिराजनं "व्हय" म्हणून टाकलं. पगारही पस्तीस हजार सांगितला. गडी होता कंत्राटी, हातात पडायचे एकोणीस. साहेबानं दिवाळीनंतर कायम करायचा शब्द दिला होता. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. मग या शहाण्यानं काय करावं? मोबाइलवरच्या ॲपमधनं महिन्याला सोळा हजार उचलायचे, पगारात मिसळायचे आणि पस्तीस हजार बायकोच्या, श्रेयाच्या, हातावर ठेवायचे. एक ॲप फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. दीड वर्षात आकडा चार लाखांवर गेला. श्रेयाला कळलं तर ती माहेरची वाट धरील, या भीतीनं त्याला घास गोड लागत नव्हता.

वाटेत तिला सांगायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. सणसरला गाडी उभी केली, तर श्रेया म्हणाली, "रस प्यायचा का?" प्यायले. लासुर्ण्याला पुन्हा थांबवली. "परत रस? पोट बिघडलंय का तुमचं?" निमगावला तो थांबलाच नाही.

घरी पाट, रांगोळी, पितळी परात, सगळं मांडून तयार. सासूबाई, तानूबाई, तेहतीस अनारशांचं ताट घेऊन उभ्या. सर्जेरावांचे गुडघे कुरकुरत होते, तरी ते खाली बसले. जावयाच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं आणि टाचेवरची धूळ स्वतःच्या हातानं चोळू लागले. उसाच्या पाचटानं चिरलेले ते हात. ऋषिराजनं त्यांचं मनगट धरलं.

"मामा, थांबा. माझं पाय धुऊ नका."

"का? गुदगुल्या व्हत्यात?"

"मी कायम न्हाय, मामा. कंत्राटी हाय. पगार एकोणीस हजार. वरचं मी कर्ज काढून घरात देत हुतो. चार लाख झालंय."

तानूबाईंच्या हातातलं ताट कललं, दोन अनारसे घरंगळले. ऋषिराजनं पाय काढून घ्यायला बघितलं, पण म्हाताऱ्यानं घोटा घट्ट धरला होता.

"म्हंजे माझ्या तोंडावर खोटं बोलला तुमी."

"व्हय, मामा."

सर्जेरावांनी धरलेला पाय चोळून पुरा केला. मग तांब्या उचलून त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी घातलं.

"खोटं म्या बी बोललोय. पोरगी सैपाकात सुगरण हाय, म्हणलो हुतो."

"आबा!" श्रेया ओरडली. तानूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"हसू नगा. माझा राग जायला आठ दिस लागतील," सर्जेराव म्हणाले. "पर खरं बोलल्यालं माणूस अर्ध्या धुतल्या पायानं उठवायचं न्हाय मला."

श्रेया हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

"मला आधी का न्हाय सांगितलं? आबांच्या बरोबरीनं कळावं मला?"

"तू जाशील असं वाटलं."

"एकोणीस हजारापायी? अहो, मला काय हप्त्यावर घेतली होती का, हप्ता चुकला की उचलून न्यायला?"

ती तरातरा आत गेली. ऋषिराजचा जीव टांगणीला लागला. आली ती पर्समधलं पासबुक घेऊन, आणि ते त्याच्या मांडीवर आपटलं.

"पावणेदोन लाख. नवऱ्याला पगार चांगला हाय, म्हणून जागा घ्यायला दरमहा दहा हजार बँकेत टाकत होते."

घ्या! छत्तीस टक्क्यांनी उचललेला पैसा बँकेत सात टक्क्यांवर घोरत पडला होता. तानूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, दोघं बी एका माळंचं मणी!"

"उद्या पयलं जाऊन ते काढा," सर्जेराव म्हणाले. "उठा आता. धोंडं गार व्हाय लागलं."

ऋषिराज ताटावर बसला. श्रेयानं शेजारी बसून त्याचा मोबाइल मागितला. त्यानं दिला. ती एकेक मेसेज वाचत गेली. ॲपच्या वसुलीवाल्यांच्या शिव्या, धमक्या, दिवसाला वीस-वीस फोन. तिच्या वाढदिवसाला तो केक कापता कापता 'साहेबांचा फोन हाय' म्हणून बाहेर गेला होता, त्या वेळचेही होते.

"हे सगळं एकट्यानं ऐकत होता?" ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू आवरेना. त्यानं मान खाली घातली. तिनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला.

तेवढ्यात तिच्याच हातात मोबाइल वाजला. ऋषिराज दचकून उठायला लागला. तिनं त्याला खांदा दाबून बसवलं, पदरानं नाक पुसलं आणि फोन कानाला लावला.

"बोला. मी त्यांची बायको. हे बघा, पगार आमचा एकोणीस हजार आहे, त्यात काय बसतंय ते माझ्याशी बोला. पण तासाभरानं. आत्ता ते जेवतायत."