तिजेचे गहू

श्रीकृष्णभाऊच्या फार्मवर पह्यल्या दिवशी मले कामच दिलं नाही. आंघोळ कर म्हणे. मी म्हटलं, घरून करूनच आली. तर म्हणे, "ती तुही झाली जया, आता डुकरायसाठी कर." गेटजवळ न्हाणी. आपले कपडे तिथं ठेवा, फार्मचे घाला, गमबूट चुन्याच्या पाण्यात बुडवा, मंग आत. बाहेरचा पाला, भाजी, उष्टं, काहीच आत न्यायचं नाही. डुकरायचं येवढं सोवळं! मी लय हसलती.

फार्म बाभुळगावच्या पुढं. साठ माद्या, पिलं वेगळी. खाद्य मोजून, एक मूठ जास्त पडली का भाऊ खेकसे. यवतमाळच्या हापिसवाल्या घराण्यातला माणूस, पण डुकरं पाळते म्हणून घरचे त्याच्याशी धड बोलत नाही. मी आर्णीकडच्या तांड्यावरची. वर्षभर शिकायचं, मंग दोन गाभण माद्या माह्या, असं ठरलं होतं. एक तर मी निवडूनही ठेवलती, पाठीवर काळा ठिपका असलेली. तिले मी ठिपकीच म्हणो.

श्रावणात तिजेले घरी गेली. आमच्यात बिनलग्नाच्या पोरी टोपलीत माती, लेंडीखत घालून गहू पेरतात, गाणी म्हणत पाणी घालतात, अन् शेवटच्या दिवशी ते कोंब ज्याले त्याले देतात. तीज कोणी नाकारत नाही. माही याडी, म्हंजे आई, मानीबाई, तर गाईलेही घास देते. मी एक जुडी मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून फार्मवर आणली.

भाऊनं हात जोडून अर्धी घेतली, हापिसातल्या देवाच्या फोटोजवळ ठेवली. मी म्हटलं, "उरलेली ठिपकीले देऊ?" त्यानं गेटजवळच्या न्हाणीकडं पाह्यलं. मंग म्हणे, "तिजेचे आहे. दे. येवढ्यानं काय होते."

ठिपकीनं मातीसकट मटकावले.

दोन दिवसांनी याडीचा फोन. "तुह्या भावाच्या, शामच्या, वावराच्या धुऱ्यावर रानडुकरं मरून राह्यले वो बाई. तीन झाले. पह्यलं तर तीज पेरायच्या आधीच मेलतं, शामनं वढत नाल्यात नेऊन टाकलं."

मी इचारलं, "याडी, टोपलीतली माती कुठली होती?"

"शामनंच आणलती ना. धुऱ्यावरचीच, तिथली मऊ आहे."

भाऊनं शिकवलं होतं, रानडुकरं अशी पटापट मेली का आफ्रिकन स्वाईन फिव्हरचा संशय घ्यायचा. माणसाले तो होत नाही. डुकराले त्याच्यावर औषध नाही. एका फार्मवर निघाला का सरकारी माणसं येतात, सगळी डुकरं मारून खड्ड्यात पुरतात.

मी भाऊले सांगतलं नाही. खोटं कायले सांगू, भेली. ठिपकी तर खाऊन राह्यली, मंग आपल्याच तोंडानं आग काहून लावा? रोज सकाळी मी तिचे कान पाहो, या तापात ते निळे पडतात. कोणी खोकललं, शिंकलं तरी माहा जीव उडे. एकदा भाऊ म्हणे, "तुले बरं नाही का?" मी म्हटलं, झोप झाली नाही. ते तरी खरं होतं.

सहाव्या दिवशी ठिपकीनं खाद्याले तोंड लावलं नाही. कान गरम, अन् शेंड्याले निळसर झाक.

त्याच सकाळी पिकअप आला. तीस पिलं तीन गावांतल्या नव्या शेडांवर जायची होती. डायवरनं गाडी मागं घेतली, फळका टाकला. ते लोक माह्यासारखेच, नवं नवं शेड टाकून बसलेले. मी गेटले कुलूप घातलं अन् चावी मुठीत धरली.

"भाऊ, गाडी भरू नका."

"काहून?"

सगळं सांगतलं. रानडुकरं, शाम, धुरा, ठिपकीचे कान. सांगताना मी रडली नाही, याचाच मले राग आला.

त्यानं इतकंच इचारलं, "मुळं धुतलती?"

"नाही."

तो हापिसात गेला. फोटोजवळची जुडी वाळून गेलती. तिच्याकडं पाहत म्हणे, "दे तर मीच म्हटलतं." गाडी रिकामीच परत धाडली. मंग ढोरायच्या सरकारी डॉक्टरले फोन लावला अन् फार्मचा पत्ता सावकाश, दोनदा सांगतला.

नऊ वाजले. खाद्याची वेळ झाली का डुकरं ओरडतात. सगळा शेड ओरडू लागला. मी रडतच घमेलं उचललं, वजनकाटा घेतला.

भाऊनं माह्या हातातला काटा काढून घेतला.

"आज मोजू नको," म्हणे. "पोटभर टाक."