नमुना क्रमांक बारा

आमचे संचालक तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक टेकडी घेऊन आले. कागदावरची. मध्ये फुगलेली, दोन्ही बाजूंना उतरत गेलेली. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन म्हणतात तिला. ती त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि मला बोलावणं धाडलं. मी या संस्थेत बावीस वर्षं वेल्डिंग शिकवतो. त्यांना खुर्चीत बसून आठ महिने झालेत.

"मास्तर, नऊच्या नऊ जणांना पास केलंत?"

"मी नाही साहेब, प्रेसने केलं."

आमची परीक्षा सरळ आहे. दोन लोखंडी पट्ट्या जोडायच्या आणि तो सांधा प्रेसखाली वाकवायचा. फाटला की नापास. नाही फाटला, तर सफाई बघून वरचे गुण द्यायचे. यंदा एकाचाही सांधा फाटला नव्हता.

"पण ही टेकडी बघा. डावीकडे, कमी गुणांच्या उतारावर, कोणीतरी हवं ना? नाहीतर वरचे म्हणणार, परीक्षाच सोपी." त्यांचं बोट यादीवरून घसरत तळाला गेलं. "हिला नापास करा. एकाने काय बिघडतं?"

तळाला मावशी होती, सगळी तुकडी तिला मावशीच म्हणते. गुण एक्याऐंशी. पास व्हायला साठ लागतात. मावशीचा शिवणकामाचा कारखाना बंद पडला, तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी ती आमच्याकडे आली. सोमवारी बॉयलरच्या कारखान्यात प्रमाणपत्र दाखवलं तर नोकरी, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. तिच्या हातांवर भाजल्याच्या अकरा खुणा आहेत. मी मोजलेल्या नाहीत, तीच मोजून दाखवते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज खाली ठेवला. शिकवण्याची खोड वाईट. समोर संचालक असला तरी सुटत नाही.

"साहेब, सकाळी माणसं कामावर येतात ना? बहुतेक आठच्या आसपास. काही थोडे आधी, काही थोडे नंतर, एखादाच फार लवकर, एखादाच फार उशिरा. कोणाची बस चुकते, कोणाची चप्पल तुटते. अशी बारीकसारीक कारणं एकत्र झाली की तुमची टेकडी आपोआप उभी राहते."

"बरोबर!"

"आता आठला मी फाटकाला कुलूप लावलं, तर?"

"तर सगळे आठच्या आत येतील."

"मग टेकडीचा उजवा उतार गेला की नाही? शिकवणं म्हणजे असंच कुलूप. वर्षभर घसा फोडून मी यांचा डावा उतार बुजवलाय. मोजून झाल्यावर जे दिसतं ते ही टेकडी दाखवते. कोणी कुठे पडायचं ते ठरवत नाही. आणि नऊ माणसांत टेकडी कसली दिसणार? तिला माणसं पुष्कळ लागतात."

साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. समजलं वाटतं, असं मला वाटलं. बावीस वर्षं शिकवूनही मी इतका भोळा.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं: "माणसे कमी पडत असल्याने, या वर्षात कार्यशाळेत ज्याने ज्याने वेल्डिंग केले त्या प्रत्येकाचा नमुना मोजावा. ओळखीपाळखीचा प्रश्न नको म्हणून आलेखावर फक्त क्रमांक घालावेत. निकाल नावानिशी फलकावर लावावा." खाली सही, शिक्का.

मी दोनदा वाचलं आणि कामाला लागलो. नऊ पट्ट्या होत्याच. दहावी माझी. अकरावी पहारेकऱ्याची, फाटकाची बिजागरी दुरुस्त करण्याआधी त्याने हात बसावा म्हणून एक जोडून बघितली होती. तिला चौसष्ट मिळाले. बारावी रॅकच्या तळाशी होती, नव्या यंत्राच्या उद्घाटनाची. त्या दिवशी साहेबांनी मुखवटा चढवून फोटोपुरती ठिणगी उडवली होती आणि पट्टीवर खडूने आपलं नाव स्वतःच लिहिलं होतं. मी ती प्रेसखाली ठेवली. प्रेसचा भार पडायच्या आधीच ती दुभंगली. खडूचं अक्षर सुरेख होतं, त्याचे सात गुण दिले.

आलेख बघून साहेबांची कळी खुलली. "आली की नाही टेकडी! आणि हा डावीकडचा एकटा कोण?"

"नमुना क्रमांक बारा. सात गुण."

"सात! असल्या माणसाला इथे घेतं कोण?"

"वरून आलेत, साहेब."

"कोणाचाही माणूस असो, नापास म्हणजे नापास. गय करायची नाही." असं म्हणत त्यांनी आलेखावर आणि मावशीसकट नऊही प्रमाणपत्रांवर झोकात सह्या ठोकल्या.

सोमवारी सकाळी निकाल त्यांच्याच हुकुमाप्रमाणे नावानिशी फलकावर लागला. दुपारपर्यंत पहारेकरी तो चारदा वाचून आला. संचालकांपेक्षा सत्तावन्न गुण जास्त, हे त्याने फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. साहेबांनी यादी उतरवली, पण तोवर मावशी बॉयलरच्या कारखान्यात रुजू झाली होती.

संध्याकाळी ती भेटायला आली, मला नमस्कार केला आणि पोट धरून हसली. मीही हसलो, फार दिवसांनी. मग तिने विचारलं:

"मास्तर, साहेब आता पुन्हा वेल्डिंगला हात लावायचे नाहीत. मग पुढच्या वर्षी डावीकडे कोण?"

नव्या तुकडीचा एक अर्जसुद्धा अजून आला नव्हता, पण साहेबांच्या खोलीतल्या फळ्यावर मी सकाळीच वाचलं होतं: प्रवेश दहा, नापास एक.