पांढऱ्या भिंतीपुढची आई

कल्पना करा बरं, तुमची आई समुद्रापलीकडे कामाला गेली आहे आणि दर रविवारी ती घरी येते ती फक्त फोनच्या काचेवर. पांढरी भिंत, भिंतीपुढे आई, ओठांवर हसू. हात लावायला जावं, तर काच गार लागते.

एका बेटावरच्या दाएत गावाजवळ, अननसाच्या मळ्यांमध्ये राहणाऱ्या क्रिसेलची आई अशीच होती. दोन वर्षांपूर्वी ती हाँगकाँगला एका घरी कामाला गेली. मागे उरले क्रिसेल आणि तिचे आजोबा, लोलो आंबो. लोलो प्रेमळ, पण कानांनी अधू. त्यांच्याशी बोलायचं तर सगळ्या गावाला ऐकू जाई. त्यामुळे मनातलं सांगायला क्रिसेलला कुणीच नव्हतं.

परदेशातून येणाऱ्याने माणूस मावेल एवढा खोका भरून आणायचा आणि घरोघर काहीतरी वाटायचं, ही तिथली रीत. मागे शेजारचा नेस्टोर परदेशातून रिकाम्या हातांनी परतला, तेव्हा लोलोच त्याला म्हणाले होते, "काय रे, विमानानं आलास की पोहत?" सगळे हसले. नेस्टोरही हसला आणि मग बरेच दिवस घराबाहेर दिसला नाही. क्रिसेलने हा किस्सा फोनवर आईला रंगवून सांगितला होता. आई हसली नव्हती.

एका दुपारी मोठा मामेभाऊ जोमार, तिचा कुया म्हणजे दादा, नवा खेळ घेऊन आला. लोलोंच्या फोनमध्ये त्याने तो घालूनही दिला. फोटो दाखवायचा आणि तो कुठे काढलाय ते यंत्राला विचारायचं.

"पाटीबिटी दिसायला नको, कुया?"

"काही नको. झाड, कौल, रस्त्याचा दगड, कशावरूनही ओळखतं. काल आमच्या बाईंचा फोटो दिला, तर त्यांची गल्लीच निघाली."

"बाईंना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? त्यांनीच टाकलाय ना फोटो."

क्रिसेलला वाटलं, आईची गल्ली कळली तर झोपताना मनाने तिथे जाता येईल. तिने आईकडून आलेला ताजा फोटो दिला.

यंत्राने गाव सांगितलं, लुकबान. हाँगकाँग नव्हे, याच बेटावरचं, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं. खाली कारणही होतं. भिंतीच्या कडेला एक लाल पान लोंबत होतं. क्रिसेलला तो कागद वाटला होता. ती तांदळाच्या पिठाची पापडी होती. सणाला घरं अशा पापड्यांनी सजवायची ती लुकबानच्या बाजूलाच.

"काय म्हणतंय?" जोमार वाकला.

तिने फोन पालथा केला. "हाँगकाँग. दुसरं काय म्हणणार?"

"बघू की."

"नको. आई आहे ती माझी. तुझा खेळ नाही."

"मोठी आली," म्हणत जोमार तोंड वाकडं करून निघून गेला.

क्रिसेल पायरीवर बसून राहिली. आधी तिला राग आला. इतकी जवळ आहे आणि येत नाही. मग नेस्टोर आठवला आणि न हसलेली आई आठवली. तिकडचं काम सुटलं असणार. खोक्यात भरायला काही नसणार. आईने तिला चेहरा बघायला दिला होता. पत्ता दिला नव्हता. तो क्रिसेलने न विचारता काढून घेतला होता.

"काय म्हणते गं तुझी आई?" लोलो आतून ओरडले.

खरं सांगितलं असतं तर ते गावभर ऐकू गेलं असतं.

"बरी आहे," क्रिसेल ओरडली.

तिने यंत्राचं उत्तर पुसून टाकलं. फोटोचा पापडीचा कोपरा कापून टाकला. मग पलंगाखालून आईच्या जुन्या निळ्या चपला ओढून काढल्या, हापशावर धुतल्या आणि दारात ठेवल्या, टोकं घराकडे करून. त्यांचा फोटो काढला. हा फोटो कुठला, हे ओळखायला आईला यंत्र लागणार नव्हतं.

लुकबानचं नाव तिने घेतलं नाही. फोटोखाली एवढंच लिहिलं, "येशील तेव्हा नुसती ये." तो पाठवला आणि चपलांच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून बसली.