फोन फिरत होता तेव्हा

"झालं, जा," उज्ज्वला म्हणाली.

रुपाबाई नातवाला घेऊन नुकती टेकली होती. निवडायला आणलेली मेथीची जुडी पदरात तशीच होती.

"मंग मी बसली कायले? तुह्या जुन्या फोनात माही अख्खी जुडी निवडून होये."

"आता घरी निवडा."

"घरी कोन बोलते माह्यासंग," म्हणत रुपाबाई उठली.

मालेगावजवळच्या त्या अंगणवाडीत पोरांची वजनं फोनात भरता भरता उज्ज्वलाच्या कैक सकाळी गेल्या होत्या. नाव शोधलं की पडद्यावर चाक फिरत राहायचं. तेवढ्यात बाया सासवांची उणीदुणी काढायच्या, एखादी रडूनही घ्यायची. उज्ज्वलानं त्या फोनाला कमी शिव्या घातल्या नव्हत्या. या महिन्यात तिच्या लेकानं, मुकेशनं नवा घेऊन दिला. बोट लागायचा अवकाश, पान हजर. सवयीनं ती दोनदा दाबायची, तर उघडलेलं बंदही व्हायचं. काम लवकर उरकायला लागलं आणि उज्ज्वलाचा पाय एका जागी ठरेना. दारात जाई, परत येई, झाडलेल्या चटया पुन्हा झाडी.

जीव अडकला होता राखीत. मागच्या महिन्यात राखीच्या लेकीचं वजन घटलं होतं. चाक फिरत असताना राखी हळूच म्हणाली होती, "ताई, एक सांगू?" तेवढ्यात बाहेरून तिच्या सासूनं, गोमतीबाईनं हाक मारली, आणि ते तसंच राहिलं.

आज राखी आली. काट्याच्या झोळीत ठेवलेली पोर रडलीसुद्धा नाही. वजन आणखी उतरलं होतं. उज्ज्वलानं आकडा भरला. लगेच हिरवी खूण आली. बाहेर गोमतीबाई वांग्यांच्या क्रेटपाशी बाजाराच्या ऑटोची वाट पाहत उभी होती. राखी पोरीला कडेवर घेऊन उठायला लागली.

उज्ज्वलानं फोन मांडीवर पालथा घातला.

"थांब. चाक फिरून राह्यलं."

"नवा हाये नं, ताई?"

"फोन नवा हाये. नेटवर्क जुनंच हाये."

राखी हसली नाही, पण बसली. पोरीच्या मुठीतला पदर सोडवत राहिली. मग जमिनीकडं पाहूनच म्हणाली, "मले दूधच येत नाही, ताई. घरी नाही सांगतलं. म्हनतीन, हिच्यातच खोट हाये. साखरेचं पानी पाजतो मी."

उज्ज्वला तिच्याकडं सरकली.

"खोट नसते त्यात, बाई. आज नर्सबाईकडं जाऊ. मी येतो संग."

"आन् सासूबाई?"

तेवढ्यात दारातूनच गोमतीबाईचा आवाज आला. "झालं काय वो? ऑटो आला."

"नाही नं. तुमी व्हा पुढं," उज्ज्वला म्हणाली. "फोन लय हळू चालून राह्यला आज."

मांडीवर फोन थरथरला. तिनं त्याच्यावर तळहात दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पोरीला जवळ ओढलं.